ऑलिव्हच्या उतारावरचा रूळ

मित्रांनो, मी एक जुना दगडी रूळ आहे. जुना म्हणवून घेताना मला कमीपणा वाटत नाही, कारण दगड जन्मतःच जुना असतो. माझ्या कडा झिजल्या आहेत, एका टोकाचा टवका उडाला आहे आणि पाठीवर शेवाळ धरू लागले आहे. सध्या माझा मुक्काम एका घळीत, अर्धा चिखलात आहे. ते ऐकून कोणी लगेच हळहळू नका. आधी माझी हकिगत ऐका, मग वाटले तर हळहळा.

फुएन्तालवा गावाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या दगडाची खाण होती. तिथला एक तुकडा म्हणजे मी. आमच्या अंदालुसियाच्या या भागात जिकडे नजर टाकाल तिकडे टेकड्या, आणि टेकडीवर ऑलिव्हच्या झाडांच्या ओळी. माणसे या झाडांवर जगतात, दिवसभर त्यांच्याबद्दल बोलतात आणि भांडायचे झाले तर त्यांच्यावरूनच भांडतात. यूफ्रासिओ नावाच्या तरुण शेतकऱ्याचे लग्न ठरले, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याच्या वाटणीच्या उतारासाठी मला घडवून घेतले. सोन्याची साखळी दिली असती तर सुनेने मिरवली असती. रूळ दिला, तो मुलाने मिरवला.

"केवढा गुळगुळीत हवा?" पाथरवटाने विचारले होते.

"ओढताना आमच्या खेचराला डुलकी लागली पाहिजे, एवढा," म्हातारा म्हणाला.

पाथरवटाने शब्द पाळला. माझ्या पोटातून लोखंडी आस गेला, भोवती लाकडी चौकट बसली आणि चौकटीला लुसेरा जुंपले गेले. लुसेरा हे खेचराचे नाव. त्याच्या कपाळावर पांढरी चांदणी होती आणि तिचा त्याला फार गर्व होता. दोन गर्विष्ठ एका चौकटीला बांधले गेले, पण आमचे चांगले जमले.

माझे काम काय होते, ते सांगतो. हिवाळा आला की ऑलिव्हची फळे पिकतात. काठ्यांनी झोडपून ती पाडायची आणि जी आधीच गळली असतील ती जमिनीवरून वेचायची. झाडाखाली ढेकळे असली, गवत असले, तर फळे त्यात हरवतात. म्हणून हंगामाच्या आधी सगळे गवत उपटायचे, हलका नांगर फिरवायचा, आणि मग मी यायचो. माझ्याखाली ढेकळे फुटत, भुसभुशीत जमीन दाबली जाई, आणि झाडाखालचा गोल अंगणासारखा चोपून निघे. त्यावर बायका गुडघे टेकून फळे वेचत. थंडीने जमीन गोठलेली असे, म्हणून त्या बोटांना ओकच्या फळांच्या वाट्या टोपीसारख्या चढवत. यूफ्रासिओची बायको निकोलासा वेचायला सगळ्यांच्या पुढे असे.

"हा रूळ नीट फिरला ना, की माझे गुडघे घरी जाऊन तक्रार करत नाहीत," ती म्हणायची. मला ते फार आवडायचे.

लग्न झाले त्या वर्षी त्या दोघांनी उताराच्या अगदी खाली, रस्त्याच्या बाजूला, ऑलिव्हची एक नवी ओळ लावली. यूफ्रासिओ खड्डे खणत होता, निकोलासा रोपे धरत होती, आणि रोप सरळ आहे की नाही यावरून दोघांचे प्रत्येक खड्ड्याशी वाजत होते. शेवटी तिचेच खरे झाले. त्या ओळीला घरात 'निकोलासाची ओळ' असेच नाव पडले.

आमच्या गावात रविवारची एक चाल आहे. चर्चमधून बाहेर पडले की पुरुषमंडळी जेवणाआधी रानांमधल्या रस्त्याने एक फेरी मारतात. हात पाठीमागे बांधलेले आणि नजर दुसऱ्याच्या झाडांखाली. जमीन कोरी असली, गवताची काडीही नसली, की मान डोलते. गवत दिसले की पाऊल थांबते. कोरी जमीन म्हणजे कष्टाळू घर, असा हिशोब होता. गवत म्हणजे घरात आजारपण तरी आहे, भावाभावांत बेबनाव तरी आहे, नाहीतर धनी बाटलीच्या नादाला लागला आहे. चौथे कारण कोणाला सुचत नसे.

यूफ्रासिओचा शेजारी अमादोर हा त्याचा बालमित्र आणि त्याच्या रानाचा सगळ्यांत कडक परीक्षक.

"यूफ्रासिओ, तुझ्या रानात ताटावाचून जेवायला बसावं," तो म्हणायचा.

"बस की. पाव मात्र घरून आण. माझ्याकडून तुकडा मिळणार नाही."

"चिकटपणा तुझ्या घराण्यातच आहे. रूळ तेवढा सढळ हाताने घेतला तुझ्या बापाने."

मग तो माझ्या पाठीवर थाप मारी आणि मंडळी पुढे जात. मी दगड असलो तरी स्तुती मला कळते. ती ऐकायला मी रविवारची वाट पाहत असे, हे कबूल करायला हरकत नाही.

लुसेराची एक खोड होती. त्याला उभा चढ आवडत नसे. नांगराला जुंपले की ते उतारावर आडवे चाले, कितीही ओरडा. यूफ्रासिओ त्याला आळशी म्हणायचा. पण त्या आळसामुळे नांगराची प्रत्येक रेघ आडवी पडे, आणि पाऊस पडला की पाणी प्रत्येक रेघेशी अडून विचार करत बसे. त्यातले बरेचसे तिथेच मुरे. शिवाय खेचराचा नांगर तो किती खोल जाणार, आणि वर्षातून किती वेळा फिरणार. माती थोडीफार खाली सरकायची, नाही असे नाही. झाडाखाली मी दाबलेल्या गोलांवरून तर पाणी सरळ घरंगळायचे. पण बाकीची जमीन ते सांभाळून घ्यायची.

पुढे लुसेरा म्हातारे झाले आणि रानात ट्रॅक्टर आला. आधी अमादोरने घेतला, त्यानंतर यूफ्रासिओला झोप लागेना, मग त्यानेही घेतला. ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवला तर कलंडतो. आमच्या खोऱ्यात असे एक-दोन जण जिवाला मुकले होते. म्हणून ट्रॅक्टर उभा चालवायचा, टेकडीच्या माथ्यावरून तळापर्यंत आणि पुन्हा वर. त्याच्या फणांनी पडलेल्या रेघाही उभ्या. आणि काम इतके सोपे झाले की जरा हिरवे दिसले की काढला ट्रॅक्टर. पूर्वी वर्षातून दोनदा होणारी नांगरट आता हवी तेव्हा होऊ लागली. जमीन एवढी कोरी पूर्वी कधीच नव्हती. रविवारची मंडळी खूश होती.

मग जाळी आली. झाडाखाली जाळी अंथरायची, यंत्राने फांदी हलवायची, फळे जाळीवर पडतात. जमिनीवरून वेचणे जवळजवळ संपले. आता तुम्ही म्हणाल, मग जमीन कोरी ठेवायचे कारणही संपले. हे मला कळत होते, कारण माझे कामच त्याबरोबर गेले होते. पण माणसांची सवय कारणाच्या मागून जन्मते आणि कारण मेले तरी जगते. रूळ सुटला, नांगर चालूच राहिला.

मला टेकडीच्या माथ्यावर, पडक्या भिंतीशेजारी आणून सोडले. चौकट सरपणात गेली. माझ्यावर पाली ऊन खात, आणि दुपारी यूफ्रासिओ जेवायला माझ्यावर बसे. सुरुवातीला मला फार एकटे वाटले. कोणी थाप मारत नव्हते, रविवारची फेरी खालच्या रस्त्यानेच निघून जाई. एक गोष्ट मात्र चांगली झाली. माथ्यावरून मला दोन्ही उतार दिसायचे. एक पुढचा, रस्त्याकडचा, जो सगळे गाव पाहते. दुसरा मागचा, जिकडे सशांशिवाय कोणी जात नाही.

वर्षे गेली, आणि मला वाटू लागले की झाडे उंच होत आहेत. नीट पाहिले तर झाडे होती तेवढीच होती, जमीन खाली चालली होती. प्रत्येक झाड आपल्या मुळांनी धरलेल्या मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभे होते, आणि दोन झाडांमधली जागा बशीसारखी खोलगट झाली होती. पावसाळ्यानंतर उभ्या रेघांत बोटभर ओघळ पडत. यूफ्रासिओ ते ट्रॅक्टरने बुजवी आणि जमीन पुन्हा कोरी दिसे. एका ओघळाने मात्र बुजायचे नाकारले. तो आधी गुडघ्याएवढा खोल झाला, मग कमरेएवढा, आणि त्याची घळ झाली. घळ खालून वर आणि बाजूला चरत सुटली. तिचे तोंड निकोलासाच्या ओळीकडे होते.

तोपर्यंत निकोलासा वारली होती. यूफ्रासिओ तिच्याबद्दल बोलत नसे. पण त्या ओळीची छाटणी तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

त्याचा गुडघा जायबंदी झाला तेव्हा त्याची मुलगी तीस्कार रानाचे काम पाहायला शहरातून घरी परतली. तिच्या अंगात आईचा हट्ट होता आणि बापाचा तिखटपणा. पहिल्याच आठवड्यात ती बापाला घेऊन उतार उतरली, चढली, आणि दोघे धापा टाकत माझ्यापाशी येऊन बसले.

"बाबा, आईच्या ओळीतल्या कडेच्या झाडाची मुळं उघडी पडली आहेत."

"म्हातारी झाडं आहेत. म्हाताऱ्यांची हाडं दिसायचीच."

"म्हातारी? माझ्याहून थोडीशी मोठी आहेत ती. मुळं वर आली नाहीत बाबा, माती खाली गेली आहे."

"माती कुठे जाणार आहे? आपलीच आहे ती."

"गेल्या पावसानंतर रस्त्यावरचा चिखल उचलायला यंत्र आलं होतं ना? ट्रकभरून नेली ती आपलीच होती."

यूफ्रासिओने चीजचा तुकडा कापला आणि तो चाकूच्या टोकावर तसाच राहिला. तीस्कारने मग आपला बेत सांगितला. नांगर बंद करायचा. ओळींच्या मधे गवत येऊ द्यायचे.

"गवत झाडाचं पाणी पितं," तो म्हणाला. "एवढं मलाही कळतं."

"पितं. म्हणून एप्रिलात कापायचं, उन्हाळा लागायच्या आत. आणि कापलेलं तिथेच पडू द्यायचं."

"पडू द्यायचं? रानात? म्हणजे अंथरूण घालायचं आणि उचलायचंच नाही."

"जमिनीला पांघरूण लागतं बाबा. नागडी ठेवून पाऊस अंगावर घ्यायला लावता तुम्ही तिला."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"तुला नाही म्हणणार ते," यूफ्रासिओ हळू आवाजात म्हणाला. "मला म्हणतील. रोज चौकात मला बसायचं असतं."

मला त्याचे म्हणणे पटले. पण घळही मला दिसत होती. पुढच्या एका मोठ्या पावसात ती निकोलासाच्या ओळीपाशी पोचणार होती, आणि त्याला हे माझ्याइतकेच माहीत होते. म्हणूनच त्याने शेवटी मान हलवली. एक वर्ष, असे तो म्हणाला, त्याच्यावर एक दिवस नाही.

त्या वसंतात आमचा उतार जन्मात पहिल्यांदा हिरवा झाला. मोहरीची पिवळी फुले आली, लाल खसखशीची आली, बाभुळगोंड्यासारखी कसली तरी जांभळी आली. मधमाश्या आल्या. मी खूश होतो की नाही, सांगता येत नाही. सगळा जन्म गवताच्या विरोधात गेलेल्याला एकदम गवत आवडत नाही. पण रात्रीचे दव जमिनीवर जास्त वेळ टिकते, हे माझ्या थंड पोटाला कळत होते.

एका रविवारी अमादोर चढ चढून वर आला. त्याच्या हातात झाकणाचे पातेले होते.

"बायकोने सूप पाठवलंय," तो म्हणाला. "कोंबडीचं आहे. कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"लपवू नकोस रे. तीस्कारला काही झालंय का? का तुलाच?"

"अमादोर, आम्ही दोघंही धडधाकट आहोत."

"मग हे काय?" त्याने हिरव्या उताराकडे हात केला. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, खरी काळजी होती, आणि त्यामुळेच यूफ्रासिओचे कान लाल झाले.

"पोरीची काहीतरी कल्पना आहे," तो म्हणाला.

"बरं. सूप ठेवून घे तरी. परत नेलं तर बायको म्हणेल, विचारलंच नाहीस."

अमादोर गेल्यावर यूफ्रासिओ कितीतरी वेळ ते पातेले मांडीवर घेऊन माझ्यावर बसून होता. कोणी शिवी दिली असती तर त्याने परत दिली असती. सुपाला काय उत्तर देणार?

एप्रिलात तीस्कारने गवत कापले. उन्हाळाभर ते वाळून पिवळे होऊन जमिनीवर पडून राहिले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आता ते हिरवे रानही नव्हते, नुसता पसारा होता. यूफ्रासिओने रविवारची फेरी बंद केली. गुडघा दुखतो, असे तो सांगे.

मग शरदात गावची जत्रा आली. जत्रेला बार्सिलोना, माद्रिदपर्यंत पांगलेली नातेवाईक मंडळी गावी येतात, आणि आल्यावर सगळ्यांत आधी आपापल्या माणसांची राने पाहायला निघतात. जत्रेच्या आदल्या दिवशी तीस्कार फांद्या हलवायचे यंत्र दुरुस्त करून आणायला उबेदा शहरात गेली. ती गेल्यावर थोड्याच वेळात मला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला.

यूफ्रासिओने पुढचा उतार सगळा नांगरला. दुखत्या गुडघ्याने, दात आवळून, माथ्यापासून रस्त्यापर्यंत, उभा. पसरलेले वाळके गवत जमिनीत गाडले गेले आणि संध्याकाळपर्यंत उतार पहिल्यासारखा कोरा, तांबूस, सुंदर दिसू लागला. मग तो माथ्यावर आला. त्याने मागच्या उताराकडे एकदा मान वळवून पाहिले. तिथेही तोच पसारा होता. पण तिथे कोण बघायला येणार? त्याने इंजिन बंद केले आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याची स्तुती मिळाली. रस्त्यावर माणसांचा घोळका थांबला, आणि अमादोरचा आवाज वरपर्यंत आला. "आला, आमचा यूफ्रासिओ परत आला." यूफ्रासिओ हसत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिले.

तीस्कार परत आली आणि सरळ माथ्यावर आली. बाप माझ्यावर बसलेला होता. तिने आधी पुढे पाहिले, मग मागे पाहिले. ती ओरडली असती तर त्याला सोपे गेले असते.

"पुढची बाजू तुमच्या मित्रांची आणि मागची माझी, अशी वाटणी केलीत का?" तिने विचारले.

"जत्रा होऊ दे. मग तुला हवं ते कर."

"पाऊस जत्रा संपायची वाट बघेल?"

ती खाली गेली.

पावसाने वाट पाहिली नाही. जत्रेच्या शेवटच्या दुपारी डोंगरांवर काळे ढग आले आणि पाऊस कोसळला. उन्हाळाभर तापलेल्या, नुकत्या नांगरलेल्या जमिनीवर तो पहिला पाऊस होता. पुढच्या उतारावर काय झाले ते मी नीट पाहिले. थेंबांनी आधी माती ठोकून तिच्यावर लेपासारखा थर चढवला. पाणी मुरायचे थांबले. मग ते उभ्या रेघांत शिरले, आणि प्रत्येक रेघ एक पन्हाळ झाली. पन्हाळी घळीत मिळाल्या. घळीतून पाणी जात नव्हते, आमचा उतारच पातळ होऊन जात होता. खाली निकोलासाच्या ओळीतले कडेचे झाड आधी हलले, मग हळूच एका बाजूला झुकले आणि मुळांसकट घळीत आडवे झाले. मला फार वाईट वाटले. ते रोप निकोलासाच्या हातात होते तेव्हा मी तिथे होतो.

त्याच वेळी, त्याच पावसात, माझ्या मागच्या बाजूला वाळके गवत भिजत पडले होते. थेंब त्याच्यावर आपटत आणि पाझरत जमिनीत जात. थोडेसे पाणी खाली वाहिले, पण ते सावकाश वाहिले आणि गढूळही फारसे नव्हते. पाऊस एकच, टेकडी एकच, धनीही एकच.

सकाळी ऊन पडले. यूफ्रासिओ काठी टेकत आला. पडलेल्या झाडापाशी थांबून त्याने त्याच्या बुंध्यावर हात ठेवला. मग चिखलात पाय रुतवत तो चढ चढला आणि माझ्यावर बसला. पुढचा उतार त्याच्यासमोर होता, ओरबाडल्यासारखा. थोड्या वेळाने तो उठला आणि मागच्या उतारावर गेला. तिथे त्याने तो दुखरा गुडघा जमिनीला टेकवला, वाळके गवत बाजूला केले आणि बोटे मातीत घातली. बोटे सहज आत गेली. मूठभर माती काढून त्याने वास घेतला. तीस्कार येऊन उभी राहिली होती, ते त्याला कळले, पण त्याने वर पाहिले नाही.

"तुझी आई असती तर मला घरात घेतलं नसतं," तो म्हणाला.

"घेतलं असतं. जेवायला दिलं नसतं."

त्याच्या तोंडून हसू फुटले आणि लगेच डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

"बाकीची झाडं वाचतील?" त्याने विचारले.

"घळ आत्ता अडवली तर वाचतील. आईच्या झाडाच्या फांद्या आडव्या टाकू, मागे दगड रचू. मोठे दगड लागतील."

यूफ्रासिओ माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हा घे," तो म्हणाला.

"आजोबांचा आहे तो."

"आजोबांचा आहे, हे मला माहीत आहे. जड आहे, एवढं पुरे."

मला साखळी बांधली, ट्रॅक्टरने ओढत खाली नेले आणि घळीच्या अरुंद तोंडात आडवे सोडले. मित्रांनो, तेव्हा माझा जीव कळवळला. एवढी वर्षे वाखाणलेले माझे अंग चिखलात गेले. वाटले, माझी शेवटी अशी अडगळ झाली. माझ्यापाठी त्या पडलेल्या झाडाच्या फांद्या रचल्या, त्यांच्यावर दगड. वरच्या अंगाला असे आणखी दोन बांध घातले. मग पुढच्या पावसाचे पाणी आले. ते वरून जोरात आले, फांद्यांत अडखळले, माझ्यावर येऊन थांबले आणि बरोबर आणलेली माती खाली ठेवून हळूहळू माझ्या अंगावरून पुढे गेले. तेव्हा मला कळले की मी अडगळ नाही.

हिवाळ्यात पुढचा उतार पुन्हा आपोआप हिरवा झाला. कोणी ट्रॅक्टर काढला नाही. एका रविवारी फेरीची मंडळी रस्त्यावर थांबली, आणि अमादोर घळीपाशी आला.

"अरे, तुझ्या बापाचा रूळ घळीत टाकलास?" त्याला खरेच धक्का बसला होता. "आणि वर पुन्हा हे गवत. यूफ्रासिओ, गावात काय बोलतात ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आधी मीच बोलायचो."

"मग?"

"जत्रेत तुम्ही जिची वाहवा केलीत, ती या टेकडीची पुढची बाजू होती," यूफ्रासिओ म्हणाला. "त्या पावसात निकोलासाचं झाड गेलं ते याच बाजूचं. मागची बाजू मी तुमच्यापासून लपवून ठेवली होती. लाज वाटत होती मला तिची. चल, आज दाखवतो."

दोघे म्हातारे एकमेकांना आधार देत चढ चढले. वर काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. घळीतून माथा दिसत नाही. बऱ्याच वेळाने ते उतरले. अमादोरच्या बोटांना काळसर माती लागली होती आणि तो ती पुसत नव्हता. रस्त्यावरची मंडळी त्याच्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून.

"ते गवत कापायचं कधी?" त्याने यूफ्रासिओला विचारले. "एप्रिलातच, की त्याआधी?"

"तीस्कारला विचार. मला अजून नीट जमत नाही."

निकोलासाच्या ओळीतली बाकीची झाडे अजून उभी आहेत. त्यांच्या मुळांवर आम्ही अडवलेली माती थोडी थोडी चढते आहे. यूफ्रासिओ छाटणीला येतो तेव्हा गुडघ्यामुळे निम्मी झाडे तीस्कार छाटते, आणि प्रत्येक झाडाशी दोघांचे वाजते.

मित्रांनो, तुमच्याही गावात उतार असतील, नांगर असतील आणि रविवारी हात पाठीमागे बांधून फिरणारी माणसे असतील. तुमच्या रानाचे कौतुक झाले, तर पाऊस पडल्यावर खालच्या ओढ्यातले पाणी एकदा पाहून या. ते लाल असेल तर त्या कौतुकाचा उपयोग नाही. जमीन उघडी ठेवू नका. जनावर जुंपलेत तर उतारावर आडवे चाला, उगीच नांगरू नका, गवताला थोडे दिवस राहू द्या आणि वेळेवर कापा. लोक नावे ठेवतील, त्यांना वर नेऊन मागची बाजू दाखवा.

माझ्यामागे साठलेला मातीचा थर अजून वीतभरही झालेला नाही. जी माती आधी वाहून गेली, ती नदीने नेली, ती परत येणार नाही. तेवढी नवी माती तयार व्हायला फार काळ लागतो. मी दगड आहे, मी तोपर्यंत इथे पडून राहू शकतो. तुम्हाला तेवढे थांबता येणार नाही.